गादी आणि स्वभाव

दिवाळीच्या वहीपूजनाला कुंकवाने 'श्री' रेखून नवी वही उघडली जाते, त्या वेळी व्यापारी घरांत एक प्रश्न बहुधा मनातल्या मनातच विचारला जातो. गादीवर पुढे कोण बसणार याची चिंता सहसा नसते. ते जन्माने ठरलेले असते. बसणारा ती गादी कशी चालवणार, ही खरी काळजी. वडील पहाटे वखारीत जाऊन पोती मोजणारे, प्रत्येक हमालाला नावाने हाक मारणारे, चढ्या आवाजात बोलणारे आणि तितक्याच सहजतेने एखाद्याच्या मुलीच्या लग्नाला पैसे काढून देणारे. मुलगा अबोल. संगणकावर मालाची आवक-जावक तासन्‌तास पाहत बसण्यात त्याला कंटाळा येत नाही, पण हमालाशी दोन वाक्ये बोलताना तो अवघडतो. घरातील ज्येष्ठ निष्कर्ष काढून मोकळे होतात, 'याला माणसे सांभाळता येत नाहीत.' काही वर्षांनी मुलगा पुण्यात नाही तर बंगळूरला नोकरी धरतो आणि तीन पिढ्यांच्या दुकानाचे शटर खाली येते. अशा कित्येक पेढ्यांना तोटा आलेला नसतो. पेढी चालवण्याची एकच रीत त्या घराला ठाऊक होती आणि ती त्या मुलाच्या स्वभावात नव्हती.

यावर उपाय म्हणून हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांतून प्रश्नावली भरून घेतल्या जातात. चाळीस-पन्नास प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' लिहायचे आणि शेवटी आपण कोणत्या जातीचे नेते आहोत याचा कागद हाती पडतो. त्यात करमणूक पुष्कळ आहे. अडचण एवढीच की, माणूस अशा प्रश्नांना स्वतःबद्दलच्या समजुतीप्रमाणे उत्तरे देतो. तावातावाने बोलणारा गृहस्थही 'मी सर्वांचे ऐकून घेतो' या वाक्यापुढे निःशंकपणे 'हो' लिहितो. नेतृत्वाची रीत कळते ती कामात पडल्यावर, आणि तीसुद्धा पहिल्या कामात कळेल असे नाही.

अहमदाबादचे कस्तुरभाई लालभाई यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९१२ साली वडील लालभाई दलपतभाई निवर्तले, तेव्हा कस्तुरभाई १७ वर्षांचे होते आणि गुजरात कॉलेजात शिकत होते. शिक्षण तेथेच थांबले आणि घरच्या रायपूर मिलमध्ये त्यांनी पाऊल ठेवले. आरंभी त्यांच्याकडे कामगारांच्या हजेरीचे, वेळेच्या नोंदीचे काम आले. मालकाच्या मुलाने फाटकापासून सुरुवात करावी, माणसे ओळखावीत, ही रूढ समजूत त्यामागे असावी. त्या कामात त्यांचे मन रमले नाही. मग त्यांनी गिरणीच्या भांडारात लक्ष घातले आणि तेथून ते कापसाच्या खरेदीकडे वळले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ते स्वतः हिंडले, शेतकऱ्यांना भेटले, कापसाची पारख शिकले.

हजेरीच्या टेबलावरून उठणे हे त्या वयात धरसोडीचे लक्षण मानले गेले असते. परंतु सुती गिरणीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कच्च्या कापसाचा असतो, आणि हा तरुण अचूक तेथे जाऊन पोहोचला होता. वस्तूच्या मुळाशी जायचे, तिचे ज्ञान इतके पक्के करायचे की निर्णय घेताना आवाज चढवावा लागू नये, ही त्यांची रीत त्या खरेदीच्या फेऱ्यांत घडली आणि पुढे आयुष्यभर टिकली. १९३१ साली, जगभर मंदी असताना, भावांच्या साथीने त्यांनी अरविंद मिल काढली ती तलम कापडासाठी. जाडेभरडे कापड विणणाऱ्या गिरण्या पुष्कळ होत्या, तलम कापड परदेशातून येत होते. १९४७ मध्ये अतुल या रंग व रसायनांच्या कारखान्याची स्थापना झाली. वरवर पाहता हा नवा धंदा, पण कापडाला लागणारा रंग त्यात तयार होणार होता. फाळणीनंतर कराची बंदर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम किनाऱ्यावर नवे मोठे बंदर कोठे करावे हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा तिचे अध्यक्षपद कस्तुरभाईंकडे आले आणि कांडला बंदराची निवड झाली. आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख म्हणून सुमारे अर्धशतक त्यांनी काम पाहिले. राणकपूर आणि दिलवाडा येथील जीर्णोद्धार त्यांच्याच काळातील. मंदिराचा दगड आणि कापसाची गाठ यांत साम्य नाही, पण दोन्हींकडे पाहणारी नजर एकच होती.

आता सोलापूरकडे वळावे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद हे 'जैन बोधक' या नियतकालिकाचे संस्थापक, समाजातील मोठे सुधारक. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद मुंबईत व पुण्यात शिकले, पदवी न घेता परतले आणि घरच्या गादीवर बसले. तो काळ त्यांना मानवला नाही. येथे थोडे थांबून विचार करावा. सावकारी म्हणजे थांबण्याचा धंदा. रक्कम दिली, लिहून ठेवली, व्याज मोजत बसले. ज्याला एका ठिकाणी बसवत नाही, ज्याच्या डोक्यात दर आठवड्याला नवी योजना येते, त्याच्यासाठी ती गादी म्हणजे शिक्षाच. त्या गादीवरून पाहणाऱ्याला हा मुलगा चंचल वाटला असता, आणि त्या धंद्याच्या मापाने तो चंचलच होता.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भेटीने. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटे कशी निघतात, निविदा कशी भरावी, साहेबाच्या टेबलावरून कागद कसा पुढे सरकतो, याची त्यांना पुरेपूर माहिती होती. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांकडे भांडवल होते, पत होती आणि उमेद तर अमर्याद होती. दोघांची भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ती उभी राहिली. एक जैन सावकाराचा मुलगा, दुसरा ब्राह्मण कारकून. स्वभाव भिन्न, जात भिन्न, शिक्षणही भिन्न. ही जोडी पुढे मोठमोठ्या बांधकामांपर्यंत गेली. त्या परंपरेतूनच मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटातील बोगद्यांचे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे काम झाले.

वालचंदांना आपली रीत या भागीदारीत सापडली असे म्हणणे योग्य ठरेल. ते आरंभ करणारे होते. कोणालाही न दिसलेली शक्यता त्यांना दिसे आणि तिच्याभोवती ते माणसे व पैसा गोळा करीत. पहिले महायुद्ध संपले आणि ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीला निघाली. युद्धकाळात ती रुग्णनौका म्हणून वापरली गेली होती. समुद्राचा अनुभव नसलेल्या सोलापूरच्या या कंत्राटदाराने नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ती विकत घेतली. त्यातून सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्माला आली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन आजही त्याच तारखेला पाळला जातो. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ती बोट काही फायद्याची ठरली नाही. १९२३ साली ती भंगारात काढावी लागली. एखाद्या सावध व्यापाऱ्याने तेथेच हात झटकले असते. कंपनी टिकली, कारण वालचंदांच्या मागे नरोत्तम मोरारजींसारखे धीराने कारभार पाहणारे अध्यक्ष होते. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून सिंधियाला कोंडीत पकडले, तेव्हा तग धरण्याचे काम एकट्या उमेदीने झालेले नाही.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. पुढील पंधरा वर्षांतील त्यांच्या कामांची यादी वाचताना आजही दम लागतो. नाशिक जिल्ह्यात रावळगाव, इंदापूरजवळ वालचंदनगर, १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान कारखान्याची कल्पना तर प्रवासात एका अमेरिकन उद्योजकाशी झालेल्या योगायोगाच्या गाठीतून पुढे आली. यांपैकी विमानांचा कारखाना युद्धकाळात सरकारच्या ताब्यात गेला आणि जहाजबांधणीचा कारखानाही पुढे सरकारकडेच गेला. विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' हे पहिले जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. गुलाबचंद, लालचंद या भावांनी आणि घरातील पुढच्या पिढीने उद्योगांचा कारभार सांभाळला.

हे दोघेही जैन व्यापारी घराण्यांतले. एक दिगंबर, दुसरे श्वेतांबर. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत दोघांनीही भूषवले. परंतु दोघांच्या गाद्यांची अदलाबदल केली असती तर काय झाले असते? कस्तुरभाईंनी 'लॉयल्टी'चे इंजिन, कोळशाचा खर्च आणि भाड्याचे दर पाहून बहुधा नकार दिला असता, आणि तो नकार हिशेबाने बरोबर ठरला असता. वालचंदांना रायपूर मिलच्या कापूस खरेदीवर बसवले असते तर दोन वर्षांत त्यांनी गिरणी गहाण टाकून दुसरेच काही उभारले असते. थोरपण दोघांकडेही होते. ज्येष्ठांनी एकाला दुसऱ्याचा कित्ता गिरवायला लावला असता तर बहुधा दोघेही फुकट गेले असते.

अहमदाबादेतच याच सुमारास एका घरात भाऊ आणि बहीण दोघेही पुढारी झाले, आणि तेही एकमेकांसमोर उभे राहून. अंबालाल साराभाई गिरणीमालकांचे अग्रणी. त्यांची थोरली बहीण अनसूयाबेन भावाच्याच मदतीने १९१२ साली वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. त्या अभ्यासात प्राण्यांचे विच्छेदन करावे लागते हे कळल्यावर जैन संस्कारांमुळे त्यांनी तो सोडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. मायदेशी परतल्यावर सलग ३६ तास राबून घरी चाललेल्या गिरणीतील बायका त्यांना दिसल्या आणि त्यांच्या कामाची दिशा ठरली. १९१८ च्या संपात त्या गांधीजींसोबत कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या, आणि पलीकडे धाकटा भाऊ होता. ३५ टक्के वाढीच्या मागणीवर लवादाने शेवटी शिक्कामोर्तब केले. १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. अनसूयाबेन गिरणीच्या गादीवर कधी बसल्या नाहीत. आपल्याकडे वारसाचा विचार करताना नजर मुलावरून पुतण्यावर आणि पुतण्यावरून जावयावर जाते. घरातील मुलगी आणि सून त्या यादीत क्वचितच येतात, याचीही आठवण येथे ठेवावी.

आता दुकानाकडे यावे. स्वतःची रीत ओळखायची कशी? कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केलेला एक प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छंदमंडळे करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही मंडळांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा सल्लामसलतीने चालणारा, तर काहींचा सर्व काही मुलांवर सोपवून बाजूला बसणारा. हुकमी प्रमुखाच्या देखत काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. सल्लामसलतीने चालणाऱ्या मंडळात प्रमुख असला काय किंवा नसला काय, कामाच्या गतीत विशेष फरक पडत नसे. सारे सोडून देणाऱ्याच्या मंडळात मात्र काम कमी आणि दंगा अधिक. शेवटचा निष्कर्ष विशेष ध्यानात घ्यावा, कारण 'आम्ही मुलाला पूर्ण मोकळीक दिली आहे' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ वडील प्रत्यक्षात त्याला एकटे सोडून मोकळे झालेले असतात.

दुकानदाराला या प्रयोगासाठी आयोवाला जाण्याचे कारण नाही. तो दुकानात नसताना काय होते, हे पाहिले की पुरे. उधारी देण्याचा निर्णय अडतो का, दोन नोकरांचा तंटा वाढतो का, की नेहमीचे गिऱ्हाईक 'शेठजी येऊ द्यात, मग बघू' म्हणून परत जाते? गिऱ्हाईक परत जात असेल तर ती शेठजींवरील श्रद्धा खरीच, पण पेढी मग त्यांच्या श्वासावर चाललेली आहे.

दुसरी खूण म्हणजे, कोणी न सांगता माणूस कोणत्या कामाकडे वळतो ती. कस्तुरभाई कापसाकडे वळले. हा अबोल मुलगा सकाळी आधी कोठे जातो? मालाच्या आकड्यांकडे जात असेल, तर त्याला वर्षभर खरेदीवर बसवावे. कोणता माल किती दिवस पडून राहिला, कोणाची उधारी कितव्या दिवशी वसूल होते, हे त्याला वडिलांच्या आधी दिसेल. हमालांशी बोलण्याचे काम जुन्या मुनीमजींकडे राहू द्यावे. मात्र त्या मुनीमजींना मुलासमोर 'भाऊ, तुम्हाला अजून यातले कळत नाही' असे म्हणण्याची मुभा नसावी, आणि मुलानेही त्यांना अरे-तुरे करू नये. वालचंदांनी फाटकांचे नाव कंपनीच्या नावात आपल्या नावाआधी ठेवले होते; 'फाटक-वालचंद' असा तो क्रम होता. भांडवल कोणाचे, हे सर्वांना ठाऊक असूनही.

अबोलपणा, तापटपणा, उतावळेपणा यांना नेतृत्वाची रीत म्हणून सरसकट माफी मिळावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शांत स्वभावाचा मालक अप्रिय निर्णय टाळतो आणि नोकराला काढायचे ते सहा महिने रखडवतो. त्यात त्या नोकराचेही नुकसान होते. तापट मालकाला वाटते की आपला राग क्षणात जातो. तो त्याच्या बाजूने क्षणात जातो, ऐकणाऱ्याच्या मनात तो वर्षभर राहतो. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या घरांना या तपासणीची रीत शिकवावी लागत नाही. दिवसभरात वाणीने कोणाला दुखावले याची आलोचना रोज होतच असते; त्यात दुकानातील माणसांची नावे येतात का, एवढेच पाहायचे.

शिवाय पंचपरमेष्ठींचे स्मरण करताना आचार्य आणि उपाध्याय यांना वेगवेगळे वंदन केले जाते. आचार्य संघ चालवतात, आचाराची शिस्त राखतात. उपाध्याय शास्त्र शिकवतात. दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असलीच पाहिजेत, असा आग्रह परंपरेने धरला नाही. पेढीत मात्र एकाच माणसाने खरेदी, विक्री, वसुली, हिशेब, सरकारी कागद आणि नोकरांचे रुसवेफुगवे सारे सांभाळावे अशी अपेक्षा असते. त्यात तो कोठेतरी उणा पडला की त्याच्यात नेतृत्व नाही असा निकाल लागतो.

ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा आहे, त्यांनी या वर्षी सम्मेदशिखराची यात्रा करावी. वडील आणि आई दोघांनी जावे, पंधरा दिवसांसाठी, आणि मोसमाच्या ऐन गर्दीत जावे. मंदीच्या दिवसांत दुकान कोणीही चालवतो. डोंगराची वंदना सुमारे २७ किलोमीटरची आहे, त्या वाटेवर फोन खिशात ठेवावा. दुकानातून फोन आलाच तर उत्तर देण्याआधी 'तुला काय वाटते?' असे विचारावे आणि मुलगा जे सांगेल ते, फार मोठे नुकसान होणार नसेल तर, होऊ द्यावे. परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी विक्रीचा आकडा विचारू नये. कोणते निर्णय झाले, कोणते खोळंबले, आणि अडचण आली तेव्हा त्याने दुकानातील कोणाला जवळ बोलावून विचारले, हे शांतपणे ऐकावे. ते नाव मुनीमजींचे असेल, बहिणीचे असेल, कदाचित वखारीतल्या एखाद्या तरुण मापाड्याचेही असेल. पुढच्या वहीपूजनाला त्या व्यक्तीला मुलाशेजारी बसवावे.